पायाच्या ढालीपासून भिंतीपर्यंत : आइस हॉकीच्या गोलरक्षकाचे पॅड

क्रिकेटमध्ये फलंदाजाचे पॅड कशासाठी असतात, असे वर्गात विचारले तर कोणताही विद्यार्थी उत्तर देईल, पायाला चेंडू लागू नये म्हणून. पण त्याच पॅडने यष्टींकडे जाणारा चेंडू अडवला, तर पायचीतचा नियम फलंदाजाला बाद ठरवतो. म्हणजे पॅडने पायाचे रक्षण करावे, यष्ट्यांचे करू नये, अशी सीमारेषा क्रिकेटच्या नियमांनी फार पूर्वीच आखून ठेवली आहे.

आइस हॉकीच्या गोलरक्षकानेही सुरुवातीला हेच क्रिकेटचे पॅड पायाला बांधले. त्या खेळात मात्र पायचीतसारखा नियम नाही. पायाने गोल अडवणे हे तर गोलरक्षकाचे कामच आहे. त्यामुळे त्याच्या पायावरची वस्तू हे संरक्षक साधन आहे की गोल बुजवण्याचे, हा प्रश्न तेथे पहिल्यापासून उघडा राहिला. शंभराहून अधिक वर्षे कारागीर, खेळाडू आणि नियम करणारे या प्रश्नाभोवती झगडत आले आहेत. या लेखात आपण तो झगडा पाहणार आहोत. त्यात पदार्थविज्ञान आहे, थोडी भूमिती आहे आणि अखेरीस शरीरशास्त्रही आहे.

आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो, पण बहुतेक वाचकांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. म्हणून दोन शब्द खेळाविषयी. खेळाडू बर्फावर स्केट्स घालून धावतात. चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. व्यावसायिक सामन्यांत चकती आधी गोठवून घेतात, म्हणजे ती कमी उसळते.

चांगल्या खेळाडूने मारलेली चकती ताशी १६० किलोमीटरचा वेग सहज गाठते. १७० ग्रॅमच्या वस्तूची या वेगाची गतिज ऊर्जा काढून पाहा. ती सुमारे १७० जूल येते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० जूल असते. ही १७० जूल ऊर्जा एक सेंटिमीटर अंतरात जिरवायची म्हटली तर सरासरी बल १७,००० न्यूटन होते. तेच अंतर पाच सेंटिमीटर केले तर ३,४०० न्यूटन. पॅड जाड का असावे लागते, हे या एका भागाकारातून कळते. ते बल नडगीच्या एका बिंदूवर न येता मोठ्या क्षेत्रावर पसरावे, हे पॅडचे दुसरे काम.

बंदिस्त रिंकमधील पहिला नोंदलेला सामना कॅनडातील माँट्रिऑल येथे ३ मार्च १८७५ रोजी झाला. त्या काळी गोलरक्षक इतर खेळाडूंसारखाच वेष करून उभा राहत असे. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी विनिपेग व्हिक्टोरियाज या संघाने माँट्रिऑलच्या संघाला २-० असे हरवून स्टॅन्ली चषक मिळवला. त्या सामन्यात विनिपेगचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट पायाला क्रिकेटचे पॅड बांधून उतरला होता. पॅडचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. आणखी कोणी ते आधी वापरले नसतील असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. क्रिकेटचे पॅड ब्रिटिश वसाहतींत सगळीकडे मिळत होते आणि नडगी सर्वांनाच होती!

क्रिकेटचे पॅड वेताच्या उभ्या कांबींचे, कापसाने भरलेले आणि नडगीभोवती वळणारे असते. धावा काढणाऱ्याला ते सोयीचे. गोलरक्षकाला त्याची अडचण अशी की ते बहिर्वक्र असते. बहिर्वक्र पृष्ठभागावर आदळलेली वस्तू कोणत्या दिशेने परतेल हे ती मध्यापासून किती बाजूला आदळली यावर अवलंबून असते. मध्यावर आदळली तर समोर परतते. थोडी कडेला आदळली तर कडेनेच मागे, म्हणजे नेमकी गोलाच्या दिशेने घसरते. बहिर्वक्र आरशावरच्या परावर्तनाचे चित्र फळ्यावर काढणाऱ्या शिक्षकांना हे समजावून सांगायला नकोच.

हा दोष एका खोगीर आणि घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराने दूर केला. एमिल केनेस्की हा कॅनडातील हॅमिल्टन शहराचा रहिवासी. रस्त्यावर मोटारी वाढत होत्या आणि साजांची मागणी घटत होती. असे सांगतात की, गावातला एक सामना पाहताना गोलरक्षकाच्या क्रिकेटच्या पॅडवरून चकती घसरून गोलात जाते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने पॅड रुंद केले आणि पुढची बाजू सपाट केली. कडांना उभ्या वळ्या शिवल्या, म्हणजे घसरू पाहणारी चकती कडेला अडावी. रुंदी १२ इंच झाली. १९२४ मध्ये हॅमिल्टन टायगर्स या व्यावसायिक संघाचा गोलरक्षक जेक फोर्ब्स याने केनेस्कीचे पॅड बांधले. सतत चार हंगाम तळाला राहिलेला हा संघ १९२४-२५ च्या हंगामात पहिला आला. याचे श्रेय पॅडला किती द्यायचे हा वादाचा मुद्दा आहे. संघात चांगले नवे खेळाडूही आले होते. (विजयाचा आनंद मात्र टिकला नाही. मोबदल्यावरून खेळाडूंनी अंतिम फेरीआधी संप केला आणि पुढे ते सगळे न्यूयॉर्कच्या एका नव्या संघाला विकले गेले.)

केनेस्कीच्या पॅडची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाहेर कमावलेले चामडे, आत नमदा, हरणाचे केस आणि कापोक. कापोक म्हणजे आपल्या सावरीच्या कुळातील एका झाडाच्या बोंडातला कापूस. आपल्याकडे काटेसावरीच्या कापसाच्या उशा भरत, त्याचाच हा परदेशी भाऊ. याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. म्हणून ते हलके, दाबले की पुन्हा फुलणारे आणि पाणी सहज न धरणारे. जहाजांवरील जीवरक्षक जाकिटांतही एके काळी हाच कापूस भरत. साज शिवताना घोड्याच्या पाठीला रुतू नये म्हणून जे भरण आणि जी शिवण वापरायची, तीच केनेस्कीने माणसाच्या पायासाठी वापरली. पुढची कित्येक दशके मोठ्या संघांचे बहुतेक गोलरक्षक हॅमिल्टनहून पॅड शिवून घेत.

पॅड रुंद झाले आणि लगेच नियम आला. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या राष्ट्रीय हॉकी लीगने (यापुढे आपण तिला नुसते लीग म्हणू) १९२५-२६ मध्ये पॅडची कमाल रुंदी १२ इंच ठरवली. दोनच वर्षांत, १९२७-२८ मध्ये, ती १० इंचांवर आणली. हेतू स्पष्ट होता. गोल फार कमी होत होते आणि प्रेक्षक कंटाळत होते.

याचा परिणाम काय झाला? १९२८-२९ च्या हंगामात माँट्रिऑलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गोल करू दिला नाही. हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी तीन गोलसुद्धा होत नव्हते. म्हणजे पॅड अरुंद केल्यानंतर गोल वाढायच्या ऐवजी आणखी घटले. अडचण पॅडमध्ये नव्हतीच. तेव्हाच्या नियमांनुसार आक्रमण करताना पुढच्या सहकाऱ्याला पास देता येत नसे, त्यामुळे हल्ले गोलापर्यंत पोचतच नसत. १९२९ मध्ये पुढे पास देण्याची पूर्ण मुभा मिळाली आणि गोल जवळजवळ दुप्पट झाले. इतके की हंगामाच्या मध्येच, डिसेंबरात, त्या मुभेला मुरड घालावी लागली. विद्यार्थ्यांना चल आणि नियंत्रित प्रयोग शिकवताना हे उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटते. पॅडवर उगाच संशय घेतला गेला होता. दहा इंचांची मर्यादा मात्र तशीच राहिली, थेट १९८९ पर्यंत.

त्यानंतरच्या साठ वर्षांत पॅडमध्ये सांगण्यासारखे फार थोडे बदलले. चामड्याचे पॅड ही चांगली वस्तू होती, पण तिला एक खोड होती. कापोक पाणी टाळत असला तरी चामडे आणि केस टाळत नव्हते. स्केट्सनी खरवडलेल्या बर्फाचे पाणी आणि गोलरक्षकाचा घाम दोन्ही शोषून पॅड सामन्याच्या अखेरीस सुरुवातीपेक्षा पुष्कळ जड झालेले असे. शेवटच्या वीस मिनिटांत, जेव्हा पाय सर्वांत चपळ हवा, तेव्हाच त्यावर सर्वाधिक ओझे. आमच्या मते या काळात पॅडच्या आकाराला खरा लगाम घातला तो या वजनाने. रुंदीला नियम होता, पण उंची आणि जाडी वाढवायची तर वजन वाढे, आणि जड पाय हलत नाही. कोणी पंचाने मोजपट्टी लावण्याची गरज नव्हती.

या काळात बदलला तो गोलरक्षक. लीगने जानेवारी १९१८ मध्ये गोलरक्षकाला चकती अडवण्यासाठी बर्फावर पडण्याची परवानगी दिली होती. त्याआधी तसे केल्यास दंड होई. ऑटावाचा क्लिंट बेनेडिक्ट मुद्दाम पाय घसरल्याचे सोंग करी आणि गुडघ्यांवर बसे, त्यामुळे नियमच बदलावा लागला. तरीही बहुतेक गोलरक्षक उभेच राहत, कारण खाली बसले की चेहरा चकतीच्या उंचीला येतो. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे चेहऱ्यावर चकती लागून टाके पडल्यावर जाक प्लांत मुखवटा घालून मैदानात परतला आणि ही भीती हळूहळू ओसरली. त्याच सुमारास शिकागोच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी स्टिकचे पाते वाकवून घेतले. वाकड्या पात्यावरून सुटलेली चकती अधिक वेगाने आणि अनपेक्षित वळणाने येई. गोलरक्षकाला डोळ्यांनी चकती पाहून पाय हलवायला वेळ पुरेना. अशा वेळी शहाणपणाचे काय? चकतीचा मार्ग ओळखत बसण्याऐवजी जास्तीत जास्त जागा आधीच झाकून टाकायची.

त्यासाठीची मुद्रा शिकागोच्याच ग्लेन हॉलने लोकप्रिय केली. गुडघे एकमेकांजवळ टेकायचे आणि नडग्या दोन्ही बाजूंना पसरायच्या. समोरून पाहिले तर फुलपाखराच्या पंखांसारखे दिसते, म्हणून तिचे नाव फुलपाखरू. पण चामड्याच्या पॅडने ही मुद्रा नीट साधत नसे. पॅड पायाला घट्ट आवळलेले असल्याने गुडघा टेकताच त्याची पुढची बाजू बर्फाकडे कले, आणि उघडा गुडघा थेट बर्फावर आदळे.

मग फोम आला. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्याला कॅल्गरीच्या रेजी लेमेलिनने एअरोफ्लेक्स नावाचे फोमचे पॅड वापरले. मोठ्या स्पर्धांत असे पॅड वापरणाऱ्या पहिल्या गोलरक्षकांत त्याची गणना होते. फोममधील प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, बंद कप्पा असेल तर एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी जात नाही. त्यात भर पडली नायलॉनची आणि कृत्रिम चामड्याची. पॅड हलके झाले आणि मुख्य म्हणजे सामनाभर हलकेच राहिले. मैदानी हॉकीतही थोड्याफार फरकाने हीच गोष्ट घडली. वेत आणि कॅनव्हासचे जुने पॅड जाऊन तेथेही फोमचे ठोकळे आले. तेथे पॅडच्या रुंदीची मर्यादा ३०० मिलिमीटर आहे, म्हणजे बारा इंचांच्या आसपासच.

वजनाचा लगाम सुटला, तसे पॅड वाढू लागले. १९८९ मध्ये लीगने रुंदीची मर्यादा पुन्हा १२ इंच केली. यातली भूमिती पाहा. उभ्या गोलरक्षकाच्या पॅडची रुंदी ही आडवी रुंदीच असते. फुलपाखरू मुद्रेत पॅड आडवे होते, आणि त्याची रुंदी ही भिंतीची उंची बनते. दोन्ही पॅड पसरले की ७२ इंच रुंद गोलाचा तळ जवळजवळ पूर्ण झाकला जातो. ४८ इंच उंचीपैकी तळचे १० इंच झाकले तर सुमारे २१ टक्के जागा बंद होते, १२ इंच झाकले तर २५ टक्के. चकती तर बहुधा बर्फालगतच येते. शिवाय नव्या पॅडचे पट्टे मुद्दाम सैल ठेवलेले असत. गोलरक्षक खाली बसला की पॅड पायाभोवती फिरे, पुढची बाजू सरळ चकतीकडे राही, आणि गुडघा बर्फावर न आदळता पॅडच्याच आतल्या फोमच्या ठोकळ्यावर टेके. पॅड पायाला गुंडाळलेली वस्तू राहिले नाही. पाय त्याच्या मागे उभा राहू लागला.

क्वेबेकचे प्रशिक्षक फ्रांस्वा आलेर आणि त्यांचा शिष्य पॅट्रिक रुआ यांनी या मुद्रेचे पद्धतशीर शास्त्र केले. १९८६ मध्ये विशीतल्या रुआने माँट्रिऑलला स्टॅन्ली चषक मिळवून दिला, आणि कॅनडातली मुले फुलपाखरू शिकू लागली.

आकडे काय सांगतात? १९८१-८२ मध्ये लीगच्या एका सामन्यात सरासरी ८ गोल होत. २००३-०४ मध्ये ५.१४. गोलरक्षकांनी अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण या काळात साडेसत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपासहून ९१ टक्क्यांवर गेले. साडेतीन टक्के ही वाढ किरकोळ वाटते. पण निसटलेल्या फटक्यांकडे पाहिले तर ते साडेबारावरून नऊवर आले, म्हणजे पाव हिश्शाहून अधिक घटले. तीस फटक्यांत पावणेचारऐवजी पावणेतीन गोल. हे सगळे पॅडनेच केले का? गोलरक्षक अधिक उंच निवडले जाऊ लागले, प्रशिक्षण सुधारले, बचावाचे डावपेच कडक झाले आणि छातीवरचे आवरणही फुगले. १९२७ ची आठवण ठेवून सावधच राहिलेले बरे.

लीगने मात्र मोजपट्टी हातात घेतली. २००३-०४ मध्ये पॅडच्या लांबीवर ३८ इंचांची मर्यादा आली. २००५-०६ मध्ये रुंदी ११ इंच झाली आणि गोलांची सरासरी ६ च्या वर गेली. पण त्याच वर्षी लांब पासवरील बंधन उठले होते आणि धसमुसळेपणाला कडक शिक्षा सुरू झाली होती. पुन्हा तेच. सर्व चल एकदम बदलले, आणि पॅडचा वाटा वेगळा काढणे कठीण झाले.

त्यानंतरचा नियम आम्हाला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. ३८ इंचांची एकच मर्यादा उंच माणसाला रास्त होती, बुटक्याला मात्र चैन. कारण पॅडचे टोक मांडीवर जितके वर येईल, तितकी फुलपाखरू मुद्रेत मांड्यांमधली फट बुजते. खेळाडू या फटीला ‘पाचवे भोक’ म्हणतात. पहिली चार म्हणजे गोलाचे चार कोपरे. तेव्हा २०१०-११ पासून प्रत्येक गोलरक्षकाचा पाय मोजायचे ठरले. गुडघ्याच्या मध्यापासून कटीपर्यंत जे अंतर असेल, त्याच्या ५५ टक्क्यांपर्यंतच पॅड गुडघ्याच्या वर येऊ शकेल. २०१३-१४ मध्ये हे ४५ टक्क्यांवर आणले. ते अंतर २० इंच धरले तर ११ इंचांऐवजी ९, म्हणजे दोन इंच कमी. गुडघा झाकायला, आणि तो वाकल्यावरही उघडा पडू नये याला, जेवढे लागते तेवढे संरक्षण, बाकीचे अडथळा. पायचीतच्या नियमाने क्रिकेटमध्ये जी रेषा चेंडूच्या मार्गावर आखली, ती येथे माणसाच्या हाडांवरून आखावी लागली. फटके अडवण्याचे प्रमाण मात्र लगेच घटले नाही. २०१५-१६ मध्ये ते ९१.५ टक्क्यांच्या घरात होते. नव्वदच्या आसपास ते पुढच्या काही वर्षांत उतरले. मधल्या काळात छातीची आवरणेही लहान केली होती आणि आक्रमणाच्या पद्धतीही बदलल्या होत्या.

मापे बांधली गेल्यावर कारागिरांचे लक्ष पदार्थांकडे वळले. जुन्या केसाळ पॅडवर आदळलेली चकती मरगळून पायाशी पडे आणि टपून बसलेला विरोधी खेळाडू ती पुन्हा मारी. आजचे कठीण फोमचे पॅड तिला जोरात परत फेकते, म्हणजे चकती धोक्याच्या जागेपासून दूर जाते. आदळण्यानंतरचा आणि आधीचा वेग यांचे गुणोत्तर किती असावे, हे आता गोलरक्षकाच्या आवडीनुसार ठरवता येते. जी वस्तू धक्का जिरवण्यासाठी जन्मली, ती आता धक्का परतवण्यासाठी घडवली जाते. तो आतपर्यंत पोचू नये याची जबाबदारी मागच्या मऊ थरावर सोपवलेली असते.

पायाच्या रक्षणाचे म्हणाल, तर नडगीची चिंता मिटली, पण दुखणे वर सरकले. फुलपाखरू मुद्रेत मांडी दुमडून आतल्या बाजूला पिळावी लागते. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाची मान उखळीच्या काठावर घासते. वाढीच्या वयात हेच हजारो वेळा केले, तर त्या हाडावर उंचवटा तयार होतो आणि काठावरची कूर्चा फाटू शकते. अव्वल गोलरक्षकांच्या तपासण्यांत हा दोष वारंवार आढळला आहे, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळायला परतलेले गोलरक्षक आता दुर्मीळ नाहीत. पॅडचे टोक पूर्वी बुटाला नाडीने घट्ट बांधत. त्यामुळे पॅड फिरताना घोटा आणि गुडघाही त्याच्याबरोबर ओढले जात. अलीकडे तेथे ताणला जाणारा रबरी दोर लावतात, म्हणजे पॅड बर्फावर आपले आपण फिरते आणि पायाला कमी पिळावे लागते.